दादा, शेवटचं सांग

शेजारी शेजारी दोन हातगाड्या, तीच चादर, तोच भाव, तरी बायका गर्दीवाल्या गाडीवरच का जातात? दादाला कितीदा विचारलं. त्याने उत्तर कधी दिलं नाही, मलाच गर्दी बनवलं.

डोंबिवली स्टेशनबाहेर तो चादरी विकायचा. समोर कुणी नसलं की मी गिऱ्हाईक बनून यायचो आणि जोरजोरात घासाघीस करायचो. "दादा, शेवटचं सांग." विकणाऱ्याला सगळेच दादा म्हणतात, त्यामुळे पकडलं जायची भीतीच नव्हती. बघता बघता बायका जमायच्या.

एकदा दादा भाव सोडेचना. मला खरंच राग आला. म्हटलं, "थांब, घरी आईला सांगतो."

सगळ्या वळून आमच्याकडे बघायला लागल्या. एक काकू चादर हातात धरून म्हणाल्या, "अरे, हा तुझा भाऊ का?"

दादा थंडपणे म्हणाला, "हो काकू. सख्ख्या भावालाही कमी करत नाही. मालच तसा आहे."

काकूंनी दोन चादरी घेतल्या. वर मलाच सुनावलं, "मोठ्या भावाशी असं भांडू नये रे."

गेल्या महिन्यात दादा गेला. बाजारात कफनाचं पांढरं कापड आणायला मीच गेलेलो. दुकानदाराने भाव सांगितला आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, "दादा, शेवटचं सांग."

त्याने लगेच कमी केला. मी म्हटलं, "नको, आधी सांगितलात तोच घ्या." त्या दिवशी दादासाठी मी पहिल्यांदा खरं गिऱ्हाईक झालो.