माळांना रंग लावणारी

लिहून घ्या बाई, माझा जन्म मिठबावचा. बाप लोकांचे नारळ पाडून द्यायचा, आणि मी त्याचा मुलगा असून मला माडाचं भय. अर्ध्या खोडावर गेलो की तिथंच खोडाला मिठी मारून बसायचो, मग बाप खालून म्हणायचा, उतर रे बाबा, तुका जमिनीवरचा काय तरी बघूया. असा मी कसालला मांडववाल्याकडे लागलो आणि तिथं पहिल्याच दिवशी मला शिडीवर चढवलं. पण शिडीचं भय नाही वाटलं मला, शिडी खालून कोणीतरी धरलेली असते ना. पुढं गावी परत येऊन मी स्वतःचा लायटिंगचा धंदा केला, लग्न झालं, आणि मग शिडी ती धरायची, शालन, माझी बायको.

तेव्हाच्या माळा म्हणजे बारीक काचेच्या दिव्यांच्या, एक गेला की सगळी माळ मेली, आणि तापायच्या इतक्या की वरचा रंग चार दिवसांत पापुद्रे होऊन गळायचा. मग ह्या एलईडीच्या आल्या. एका वर्षी चतुर्थीसाठी मी मुंबईहून रंगीत माळा मागवल्या, बसवरून खोके उतरवून घेतले, घरी येऊन उघडले तर सगळ्या पांढऱ्या. चतुर्थीला राहिले आठ दिवस. परत पाठवून दुसऱ्या यायच्या तर तोवर गणपती पाण्यात गेले असते. काय सांगू तुम्हाला, डोकं धरून बसलो. नमुन्याला म्हणून एक माळ वाडीतल्या आबांकडे लावून बघितली, तर आबा खुर्चीतून म्हणाले, दत्ताराम, मी गणपती बसवतंय, दवाखानो नाय.

घरी येऊन शालनला सांगितलं, तर ती म्हणाली, मग रंगवूया. मी म्हटलं, टिकायचो नाय गो. ती म्हणाली, हात लावून बघा, गरम खंय आसत ते? इतकी वर्षं मी लाईटवाला, पण ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

काचेवर लावायचा रंग आणला, थिनर आणलं, आणि तिनं नखांच्या रंगाच्या बाटलीतला ब्रश धुऊन घेतला. दिव्याचं एकेक बोंड फडक्यानं पुसायचं, एक हात पातळ, तो सुकला की दुसरा, आणि टोकाला रंग कमीच ठेवायचा, नाहीतर उजेड मरतो. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पण भाद्रपदातली हवा तुम्हाला ठाऊक आहे, ओलीचिंब, रंगावर पांढरी साय धरायला लागली. तेव्हा अक्कल मी चालवली, बाई. मूर्तीवाले मातीचे गणपती पावसात कसे सुकवतात, खोली बंद करून आत ऊब ठेवतात, तसंच करूया म्हटलं. दारं लावली, खिडक्यांच्या फटींत गोणपाट कोंबलं, आत मांडवातले दोन हॅलोजन पेटवले. रंग असा सुकला की आरसा. आणि शालन दिवसभर आत, त्याच उजेडात पुढची माळ रंगवत. बाहेर यायची ती घामानं निथळत, डोळे लाल. विचारलं तर म्हणायची, वास गोड आसा, वाईट नाय.

तिचा लाल रंग कोकमाच्या आगळासारखा उतरायचा. त्या चतुर्थीला आबांनी स्वतः निरोप धाडला की पुढच्या वर्षी हीच लायटिंग. मग देवगडपर्यंत नाव झालं, लोक म्हणायचे, दत्तारामाची लाल माळ हवी. दत्तारामाची, बघा. पुढं बाजारात रंगीत माळा मिळायला लागल्या तरी मी मुद्दाम पांढऱ्याच मागवायचो. चार वर्षं ती खोली तशीच बंद करत होतो.

खोकला तिला दुसऱ्या वर्षीच लागला होता. चौथ्या वर्षी चतुर्थीच्या आधी जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, धूळ, धूर, रंग, असलं काही काम करतात का ह्या? मी म्हटलं, नाही हो साहेब, घरीच असते.

बाई, तुमच्या गळ्याशपथ, मी लपवलं नाही. मला ते सुचलंच नाही. लायटिंगचं काम माझं, शिडीवर मी, माणसं मला ओळखतात. ती घरात असायची, म्हणजे घरीच. तिनं मात्र आपल्या बोटांकडे बघितलं, नखांच्या कडेला लाल होतंच, आणि हात पदराखाली घेतला. साहेबांनी दम्याची औषधं लिहून दिली.

एसटीत ती खिडकीशी बसली. गाडी सुटल्यावर म्हणाली, मी घरीच असतंय काय वो?

मी म्हटलं, साहेबासमोर लांबड कशाक लावूची?

त्या वर्षीही तिनं रंगवलं. मी एक खिडकी उघडून दिली, तर थोड्या वेळानं तिनंच उठून लावली, साय धरता म्हणाली. गणपतीनंतरचा म्हाळ, पितृपंधरवडा, संपेपर्यंत तिनं अंथरूण धरलं. पुन्हा दवाखान्यात नेलं तेव्हा मी साहेबांना सगळं सांगितलं, थिनर, हॅलोजन, गोणपाट. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि एवढंच म्हणाले, तेव्हाच का नाही सांगितलंत? तेव्हा सांगितलं असतं तर ती वाचली असती का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही विचारवलं नाही. तुळशीच्या लग्नाआधी ती गेली.

मृत्यूच्या दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत गेलो. क्लार्क आमच्याच वाडीतला. नाव विचारलं, वय विचारलं, मग व्यवसाय. मी म्हटलं, लाइटीच्या माळांना रंग लावायची. तो हसला नाही, चांगला माणूस आहे, पण म्हणाला, काका, असा कोण लिवत नाय, आणि गृहिणी लिहून मोकळा झाला. मी म्हटलं, खोड ता. तो म्हणाला, छापील फॉर्मार खाडाखोड चलत नाय. मी तिथं बाकावर बसून राहिलो, पाठीमागचे चार जण आपली कामं करून गेले, मग तो कागद घेऊन घरी आलो.

यंदा चतुर्थीला तयार रंगीत माळा लावल्या. कोणी काही म्हटलं नाही. शिडी आता भिंतीला दोरीनं बांधून चढतो. तुम्ही नातवंडांसाठी लिहिताय, देव त्यांना तिकडं परदेशात सुखी ठेवो, त्यांचा श्वास मोकळा ठेवो. तुमच्या कागदावर तरी नीट लिहा. शालन दत्ताराम, मिठबाव. माळांना रंग लावायची.