सतरा नंबरची गाडी अन् बिडकीनची म्हैस

हसू नका, माझा क्लेम कसा बुडाला ते ऐका. हौस म्हणून घरची गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवायला निघालो, तर आमचे विमा एजंट रफिकभाई म्हणाले, “ट्रॅकवर ठोकली तर विमा मिळायचा नाय, भाऊ.”

म्हणून तिथं लई जपून चालवली. ओरखडासुद्धा नाय. येताना सासुरवाडीला बिडकीनला वळलो, तर भर रस्त्यात म्हैस आडवी आली अन् बोनेट चेपलं. रस्त्यावरच ठोकली, म्हणून मी निवांत.

विमा कंपनीकडून नुकसान बघायला आलेल्या सर्व्हेअर साहेबांनी गाडीच्या दारावर चिकटवलेला भलामोठा सतरा नंबर बघितला. “हे काय?”

“ट्रॅकवरचा नंबर, साहेब. सासऱ्यांना दाखवायचा होता, म्हणून काढला नाय.”

साहेबांनी फॉर्म उघडला अन् शांतपणे विचारलं, “अन् म्हशीच्या अंगावर कितवा नंबर होता?”