जुना आकडा

सिस्टर : अहो, ऐकून तर घ्या! चिमटा माझ्या हातात, आजोबांच्या बोटाला काहीच नाही, आणि तुमचं यंत्र म्हणतंय ऑक्सिजन सत्त्याण्णव. ॲम्ब्युलन्समध्ये अंगावर काटा आला माझ्या.

प्रोग्रॅमर : आजोबा आता कसे आहेत?

सिस्टर : बरे आहेत. ओठ निळे पडताना दिसले म्हणून कळलं. यंत्राच्या भरवशावर बसले असते तर...

सर : आजच दुरुस्त करतो, सिस्टर. ए, बॅटरी वाचवायला सेन्सर झोपवायची ती भानगडच काढून टाक. सेन्सर कायम चालू राहू दे.

प्रोग्रॅमर : मग बॅटरी अर्ध्या वाटेत मान टाकेल, सर.

सिस्टर : तसं नका करू बाई. डोंगराकडून पेशंट आणायचा तर अख्खी दुपार जाते, आणि गाडीतला प्लग श्वासाच्या पंपाला लागतो.

सर : उद्या यंत्रं पाठवायचीत. चुकलं कुठे, ते तरी नक्की कळलंय का?

प्रोग्रॅमर : कळलंय. काम नसलं की ड्रायव्हर, म्हणजे सेन्सर चालवणारा आपला प्रोग्रॅम, त्याला झोपवतो. आकडा हवा असला की त्याला उठवायचं, पुरता जागा झाला की मगच विचारायचं, उत्तर हातात येईपर्यंत झोपू द्यायचं नाही. एका ठिकाणी उठवायचंच राहून गेलं. सेन्सर झोपलेला, आणि ड्रायव्हरने जुनाच आकडा पुढे सरकवला.

सिस्टर : म्हणजे चक्क थाप मारली!

सर : आणि उठवूनही नाही उठला तर?

प्रोग्रॅमर : तर, किंवा चिमट्यात बोटच नसलं तर, स्क्रीनवर रिकाम्या रेघा आणि भोंगा. आकडा नाही.

सर : लोक म्हणतील, यंत्र खराब आहे.

सिस्टर : म्हणू देत की! तेवढं कळलं तर मी पेशंटकडे बघेन. सत्त्याण्णव दिसल्यावर कोण बघतं?

सर : वेळ किती लागेल?

प्रोग्रॅमर : बदल छोटा आहे. पण झोपवून, उठवून, मध्येच चिमटा काढून पुन्हापुन्हा बघणार. त्याशिवाय एकही यंत्र खोक्यात जाणार नाही.

सर : बरं. उद्याचं रद्द. वरच्यांची बोलणी मी खातो.

(दुपार उलटलेली. टेबलावर यंत्र, सिस्टरच्या बोटाला चिमटा.)

प्रोग्रॅमर : सेन्सर झोपला. आता आकडा मागते... उठला. अठ्ठ्याण्णव. परत झोपला. काढा चिमटा, पुन्हा आकडा मागते.

सिस्टर : काढला. अगं बाई, केवढा हा भोंगा!

प्रोग्रॅमर : रेघाही आल्या.

सर : झालं तर! खोकी भरायला सांगू?

प्रोग्रॅमर : एवढ्यात नको, सर. सिस्टर, हात दमला असेल ना?

सिस्टर : दुसरा आहे की. लाव.