हाकेनंतरची शांतता

संगीतकार आल्गोतच्या नव्या रचनेचं वादन संपलं. प्रार्थना करून मी चर्चमधल्या कॉफीच्या रांगेत उभी राहिले. पुढे त्याची बहीण सिग्ने आणि तिची मैत्रीण विव्हेका होत्या.

"मध्येच सगळी वाद्यं गप्प झाली! मला वाटलं, तुझा भाऊ पुढचं लिहायलाच विसरला."

"विसरतोय कसला! उन्हाळ्यात डोंगरावर मी गाईंना हाक मारायचे, तोच सूर होता तो. हाक मारली की गप्प उभं राहायचं, त्यांच्या गळ्यातली घंटा ऐकू येईपर्यंत."

"म्हणून नंतर ती घंटा वाजली! देवाशपथ, अंगावर काटा आला गं."

"आणि मी समजायचे, मी हाक मारताना याचं लक्षच नसतं."

"मग बोल ना आता त्याच्याशी."

"गुरं माझ्या गळ्यात टाकून स्टॉकहोमला पळाला तो, विव्हेका. इतक्या वर्षांत एकदा तरी हाक मारली?"

"आत्ता मारली ती कोणाला? साऱ्या गावाने ऐकली. तो बघ, पहिल्या बाकावर एकटाच बसलाय. ओ दे की, बाई!"

रांग पुढे सरकली आणि सिग्ने कॉफी देणाऱ्या मुलीसमोर आली.

"काय देऊ, सिग्नेकाकू?"

"दोन कप भर. एकात साखर जास्त घाल, आल्गोतला कडू चालत नाही."