निरांजनं आणि लेझर

तुम्ही हसाल, पण माझी दोन महिन्यांची मेहनत आमच्या देवघरात चमकतेय!

आमच्या लॅबमध्ये लेझरने सिरॅमिकची पांढरी पावडर बनवतात, मैद्याहून कितीतरी बारीक. दिवसभर मशीन चालवा, तेव्हा कुठे चिमूटभर मिळते. ती खरंच तेवढी बारीक आहे का हे तपासायला इंदूरला न्यायची होती, म्हणून आदल्या संध्याकाळी डबी घरी आणून फ्रिजवर ठेवली. सकाळी भोपाळच्या हबीबगंज स्टेशनला निघताना बघतो, तर डबी धुऊन पालथी घातलेली.

"आई, यातली पावडर?"

"ती होय? चांदीची निरांजनं घासली. परवा गौरी यायच्यात ना!"

मी रिकामी डबी तिच्यासमोर धरली. "अगं, लेझरने बनवलेली होती ती!"

"तरीच! एक ओरखडा नाही बघ."

घाबरत साहेबांना फोन लावला, स्पीकरवर सगळं सांगितलं. साहेब भोपाळचेच. म्हणाले, "एक भी खरोंच नहीं? फिर इंदौर क्यों जा रहे हो? टेस्ट तो माताजी ने कर दिया. रिपोर्ट पे उनके साइन ले आओ."

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "सही करते, पण पुढच्या वेळी डबी तरी भरून पाठवा म्हणावं!"