माझी वार आन् मामांचं ठिबक

...आन् मी म्हणते पाय सुजलेत, चपला बसंनात, अंगठी साबण लावून काढली, तरी आमच्या आत्याबाई, म्हंजी सासूबाई, साऱ्या भावकीला बोलवून दाखवत्यात, "बघा, संयोगिता कशी भरलीया! बाळ दांडगं हाय!" आवं दांडगं कुठलं? डोकं ठणकतंय, डोळ्यांफुडं काजवं चमकत्यात, पर माझं कोण ऐकतंय!

तुमाला सांगते, सातव्या म्हैन्यात सरकारी दवाखान्याच्या आशाताईनं घरी यिऊन बीपी मोजलं. वरचं एकशेसाठ, खालचं एकशेधा! ताईचं तोंडच उतरलं. आन् आमचे मामा, सासरे वो, मिलटरीतनं रिटायर झाल्यालं हवालदार, मिशीवरनं हात फिरवून म्हणत्यात, "प्रेशर वाढलंय? मग बरंच की! मोटरंला प्रेशर आसलं की पाणी लांब जातंय. नातवाला रगात भरपूर!" साऱ्या भावकीनं माना डोलावल्या. त्यातल्याच चंद्राकाकू म्हणत्यात, "गोळ्या नगंत गं, गरम पडत्यात." नवरा कुपवाडला कारखान्यात, फोनवर त्योबी बापाचीच री वडतोय, "आबा म्हणत्यात तर आसंल." माझं कोण ऐकतंय!

शेवटी आशाताईनंच गाडीत घालून सांगलीला न्हेलं. मामा संगट. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली न् म्हणाल्या, "मामा, बाळाला आईचं रक्त मिळतं ते या वारेतनं. तिच्या नळ्या आवळल्यात. बाळ तीन आठवडे मागं पडलंय. तुमच्या उसाला ठिबक आहे?"

"पाच एकर."

"नळ्या चोंदल्या की मोटरचा काटा वर जातो ना? आणि शेवटच्या सरीला काय जातं?"

मामांचा मिशीवरचा हात खाली आला. "काय जातंय बाई... थेंब न्हाई जात! म्हंजी... आमचं बाळ शेवटच्या सरीला?"

मला तिथंच रडू फुटलं. आता हसतीया, पर तवा लय भ्याले वो. पोटातलं हालंना की माझा जीव टांगणीला!

मग काय, मामांनी घरच ताब्यात घेतलं! सकाळ-सांच्याला गोळी, डाव्या कुशीवर झोप, आठवड्याला सांगली. उसाला तोड आली, टोळी दारात उभी, तर म्हणत्यात, "आधी सूनबाईची तपासणी, मग कोयता!" चंद्राकाकू डोहाळं पुरवाय डबा घिऊन आल्या, त्यांस्नी अंगणातनंच, "पेशंट झोपलाय! अबाउट टर्न!" आवं मी जागीच हुते, डब्यात पुरणपोळी हुती! पर माझं कोण ऐकतंय!

छत्तिसाव्या आठवड्याला बाईंनी ऑपरेशन केलं. पोरगी! एक किलो नऊशे, पर रडली अशी की वॉचमन वर आला! धा दिवस काचंच्या पेटीत, मग माझ्या कुशीत. मामांस्नी बाईंनी वार दाखवली... एवढीशी, कडंनं वाळल्याली. मिलटरीतला माणूस, पर डोळं पुसत हुता.

तितंच थांबावं का न्हाई? तीन वर्सं ह्या माणसाफुडं मी मान वर केली न्हाई, दिवस गेल्यालंबी आत्याबाईंच्या तोंडनं कळिवलं! आन् आता ह्ये रोज सकाळी डेअरीवर, दुधाच्या लायनीत, काडीनं मातीत चित्र काढून साऱ्या कुंडल गावाला माझी वार समजावत्यात! काल मी पोरीला घिऊन निघाले, तर एक म्हातारबाबा, कोण कुठला, कॅन खाली ठिवून इचारतोय, "पोरी, ती कडंनं वाळल्याली... तुझीच न्हवं?"

काय करता? म्हणलं, "व्हय आज्जा, माझीच."