घड्याळजीची फेक

हसू नका मॅडम, अक्षर न् अक्षर खरं आहे हे — पाण्यात हात बुडवून सांगतो, हा बघा, बुडवला — चाळीस घड्याळांचे ठोके पडत होते आणि बाराव्या ठोक्याला गळाच्या दोरीवरचा माझा तरंगा त्या पितळी वाटीत उतरला होता. दुकानाच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, सतरा फूट! वाटीतलं पाणी बाहेर नाही सांडलं, थेंबभरसुद्धा नाही. आता चाळीस म्हणजे — काही बंद होती. दुरुस्तीलाच आलेली घड्याळं ती, धड चालत असती तर आली कशाला असती आमच्याकडे? तेव्हा ठोके सगळ्यांनीच दिले असं काही नाही. आणि बारा की अकरा, तेही आता नक्की... पण वाटी होती. वाटीबद्दल मी एक शब्द इकडचा तिकडे करत नाही. तुम्ही आधी तुमचा गळ काढा त्या झाडातून. तिसऱ्यांदा अडकवलात सकाळपासून. झाडावर मासे लागत असते तर आम्ही तळ्याकाठी कशाला बसलो असतो चिखलात?

नाही, ओढू नका! ओढलं की दोरी तुटते, मग गळ राहतो वर आणि उद्या एखादी चिमणी लटकते त्याला. फांदी वाकवा. हं. काठी केवढी ही — बारा फूट? दुकानदार म्हणाला, घ्या, आणि तुम्ही घेतली! आणि ते काय ते, मासा लागला की पीं पीं वाजणारं? म्हणजे माणसाने पाण्याकडे बघायचंसुद्धा नाही. ह्या कागद गिरणीमागच्या तळ्यावर दर रविवारी तसली दहा माणसं येतात, घडीच्या खुर्च्या घेऊन, एकोणीस खिशांचं जाकीट घालून. एकोणीस खिसे, आणि एकातही अक्कल नाही. मासा बिचारा लाजेने लागत असेल. एकदा तर तसल्या एका यंत्राचा आवाज ऐकून तळ्यातला मासा स्वतः काठावर आला, म्हणाला, अहो, झोपमोड होते — बरं, हे खोटं. हे सोडून द्या. पण वाटीचं खोटं नाही.

काय म्हणालात, टोपी? टोपीत खोचलाय तो तरंगा आहे. साळिंदराचा काटा. वडिलांचा. हात नका लावू. मघापासून दोनदा विचारलंत तुम्ही त्याबद्दल, बाजारात पन्नास मिळतील प्लास्टिकचे, रंगीबेरंगी, तुमच्या जाकिटाला शोभतील असे. हा तसला नाही. हा काठावरून पाण्यात पडला तर पाण्याला कळत नाही, इतका हलका उतरतो. पण उतरवता यायला पाहिजे. तुम्ही जे करता ना, डोक्यावरून काठी गरागरा फिरवून — ते फेकणं नाही, ते माशा हाकलणं झालं.

बसा इथे खोक्यावर. आमचे वडील घड्याळजी. दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली, रुंदी एवढी की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे जायचं. छत हाताला लागेल असं. तिन्ही भिंतींना घड्याळं, लंबकवाली, काचेची दारं असलेली, दुसऱ्यांची! आणि त्या खोलीत आमच्या बापाने आम्हाला गळ टाकायला शिकवलं. वेडाच होता. म्हणायचे, तळ्यावर काय, कुणीही टाकतो, तिथे चुकलं तर पाणीच फुटतं. इथे चुकाल तर गिऱ्हाइकाचं घड्याळ फुटेल. मग चुकाल का? म्हणून ही काठी एवढी आखूड, बघा, सहा फूटही नाही. डोक्यावरून फिरवायची सोयच नाही. कोपर बरगडीला चिकटवायचं, काखेत वर्तमानपत्राची घडी धरायची, घडी पडली की त्या दिवशीचं शिक्षण संपलं. डाव्या हातात दोरीची दोन वेटोळी. मनगट खालून वर, एवढंसं, पेला ओठाला लावताना वळतं तेवढं. आणि लंबकाबरोबर टाकायचं — तोंडाने हळूच ‘टक’ म्हणायचं आणि सोडायचं. तरंगा टेकायच्या आत डाव्या करंगळीने दोरीला नुसतं शिवायचं, की तो जागीच थबकतो आणि खाली बसतो, मांजर बसल्यासारखा. समोर पाण्याची वाटी. वाटीत पडला तर उद्या तळ्यावर न्यायचे, नाही तर घड्याळं पुसायची.

अशी फेक जगात तीनच माणसांना येत होती. एक वडील, ते गेले. दुसरा तुमच्यासमोर बसलाय. तिसरी — जाऊ दे तिसरी. बहीण हो. धाकटी. दोन वर्षांनी लहान माझ्याहून. तिला काय येत होतं? काही येत नव्हतं! नुसतं नशीब. दहा वेळा टाकला तर दहा वेळा वाटीत पडायचा तिचा, त्याला काय अर्थ आहे? माणसाने चुकत चुकत शिकावं. ती चुकायचीच नाही, मग शिकणार काय? मी चुकायचो, मी घड्याळं पुसली, चौदा वर्षांचा होतो, सगळ्या घड्याळांना मी ओळखतो अजून एकेकाला, सगळी अठराच्या अठरा... काय? मघाशी चाळीस म्हणालो? मग चाळीस. तुम्ही हिशेब तपासायला आलात की मासे धरायला?

ऐका. वडिलांनी सांगितलं होतं, हा साळिंदराचा काटा ज्याची फेक खरी त्याला मिळेल. एक दिवस ठरवला. आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी धाकटीने घड्याळ फोडलं. डॉक्टरीणबाईंचं होतं, त्यांच्या आजोबांपासूनचं, शिसवी पेटीचं. वडील चहाला गेलेले. काखेतली घडी सुटली, कोपर बाहेर गेलं, आणि शिशाचे मणी सरळ काचेवर! काच तर गेलीच, आतला लंबकही तारेवरून निसटला. तुम्हाला सांगतो, काच फुटली तेव्हा दोरीतून हाताला जो हिसका बसला ना, तो कोपरापर्यंत... म्हणजे तिच्या हाताला. तिने सांगितलं ते मला. नंतर.

वडील ओरडले नाहीत. ते ओरडायचेच नाहीत, हाच तर त्रास. काचा गोळा केल्या, विचारलं, कुणी? मी म्हटलं, हिने. ती म्हणाली — ती काही म्हणालीच नाही. माझ्याकडे बघत राहिली, बावळटासारखी. बोलायचं ना! तोंड नव्हतं का तिला? एरवी घरभर चुरूचुरू चालायचं. त्या दिवसापासून तिने काठीला हात लावायचा नाही असा हुकूम झाला, आणि काटा आला माझ्या टोपीत. फेक-बिक काही झालीच नाही त्या दिवशी — म्हणजे झाली! झाली ना, वाटी, बारा ठोके... ते आधी झालं होतं. तुम्ही मध्ये मध्ये असं बघू नका हो, माझा धागा तुटतो.

असो. हे धरा, माझी काठी धरा. तुमच्या त्या खांबाने काही व्हायचं नाही. आणि हा काटाही लावून देतो, पाच मिनिटांसाठी, कळू दे तुम्हाला तरंगा कशाला म्हणतात ते. मोडलात तर तळ्यात ढकलीन. आधी खोली मोजायची. गळाला हा शिशाचा गोळा लावायचा नि टाकायचा — तरंगा दिसेनासा झाला तर पाणी जास्त खोल, वर सरकवा. टोक तेवढं दिसलं पाहिजे, उडदाच्या दाण्याएवढं. दोन मणी वर, आणि शेवटचा अगदी बारीक मणी तळाला टेकलेला. का? अहो, कारण शहाणा मासा तरंगा बुडवत नाही! रविवारवाले मूर्ख बुडण्याचीच वाट बघत बसतात. मोठा मासा तळातलं गांडूळ उचलतो, त्याबरोबर तो मणी उचलला जातो, तरंग्यावरचं ओझं कमी होतं, आणि तरंगा काय होतो? वर येतो. वर येतो आणि पाण्यावर आडवा पडतो, दमल्यासारखा. बघणाऱ्याला वाटतं, काही नाही, सैल पडलाय. तीच वेळ. तेव्हा ओढायचं. मी स्वतः किती वर्षं ओढलं नाही, आडवा पडलेला बघत बसलो.

वडील गेले तेव्हा ती आली होती. लग्न करून लांब गेलेली, कडेवर एक लाळ गाळणारं पोर. दुकान नको म्हणाली, हत्यारं नकोत, भिंतीवरचं एक घड्याळ घे म्हटलं तर तेही नको. दादा, तेवढा काटा दे. बास. काय करायचं होतं तिला? घरात बसून कपाळावर लावणार होती? मी सांगितलं, मासा घेऊन गेला. मोठा होता, दोरीसकट ओढून नेला, एवढा, ह्या खोक्याएवढा. छान सांगितलं हो, मलाच पटलं. आणि सांगताना टोपी डोक्यावर. काढायचीच विसरलो! पंचवीस वर्षं लोकांना थापा मारतोय, एक थाप पकडली गेली नाही, आणि ती... तिने टोपीकडे बघितलं, पोराला ह्या कडेवरून त्या कडेवर घेतलं, आणि गेली. बावीस वर्षं झाली. राखी नाही, पत्र नाही, फोन नाही. मी का करू? मोठा मी आहे. आणि एका काट्यासाठी माणूस एवढं धरून बसतं का? कोतं मन. मी तर विसरूनही गेलो.

टाका आता, माझं तोंड काय बघता. तिथे, कमळाच्या दोन पानांमध्ये जी फट आहे ना, तिथे मोठा मासा असतो. तुमचा पडायचा नाही तिथे. माझाही दहात सहाच वेळा — आठ. टाका, पडेल तिथे पडेल. फक्त झाड सोडून द्या, त्याने काही वाकडं केलेलं नाही तुमचं. कोपर आत घ्या, असं नाही, अहो कोपर...

घेतलंत की. आधीच.

...

काय म्हणालात आत्ता? ओठ हलले तुमचे. नाही, काहीतरी म्हणालात. टक म्हणालात. मी सांगितलं म्हणून? मी करंगळीने दोरीला शिवा म्हणून सांगितलं, पण कशी शिवायची ते सांगितलं नव्हतं. नख वर करून, चहाचा कप नाजूक धरल्यासारखी — तसं मी कधीच करत नाही. वडीलही करत नसत. एकच जण करायची, आणि वडील तिला हसायचे.

फटीत पडलाय. मधोमध. पाणीसुद्धा हललं नाही.

त्या लांब काठीवर येईना, कारण शिकवलंय आखूड काठीवर. कुठे शिकवलं? घरात? छत बुटकं आहे तुमच्या घराचं? — हं. वाटीत? — स्टीलच्या. पितळी नसेल तिच्याकडे, पितळी मीच ठेवून घेतली.

तिने पाठवलं तुला? — नाही. तिला माहीतच नाही तू आलीस ते? मग कशाला आलीस? काटा मागायला? मग मागायचा होता! सकाळपासून माझ्याकडून झाडातले गळ काढून घेतेस, मॅडम मॅडम म्हणवून घेतेस... अगदी आईवर गेलीयेस. तीही अशीच नुसती बघत राहायची, आणि समोरच्याने आपोआप सगळं बोलून टाकायचं.

मामा म्हणू नकोस. अजून नको. आधी ऐक. चाळीस घड्याळं नव्हती, अठराच होती. बारा वाजले नव्हते, चार वाजले होते, दुपारचे. वाटी खरी. मी पहिल्यापासून म्हणतोय, वाटी खरी आहे. तरंगा वाटीत पडला, थेंब सांडला नाही, तेही खरं, मी समोर उभा होतो, काखेत घडी घेऊन, माझी पाळी यायची होती. टाकणारा हात तेवढा मी बदलला. आणि डॉक्टरीणबाईंच्या घड्याळाचाही हात बदलला. दोन हात, बास. बाकी सगळं अक्षर न् अक्षर...

हे तिला सांगू नकोस. नाही — सांग. नाही, तिला माहीत आहे, तिला काय सांगायचं! तिला एवढंच सांग की काठीही आता तिचीच. दोरीवरून तो काटा काढ, रुमालात नीट गुंडाळ, आणि ऊठ इथून, चालती हो. तुझा तो खांब आणि पीं पीं ठेवून जा, मी रविवारवाल्यांच्यात बसेन, तेच बरं मला.

जा म्हणतो ना! रडायला काय झालं? माझ्याकडे काय बघतेस, पाण्याकडे बघ —

वर आलाय. आडवा पडलाय.

ओढ.